कोण कोणाशी आणि कशासाठी: रेसलिंगचा शो असा बांधतात

व्यावसायिक रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. हे कळल्यावर अनेकांना प्रश्न पडतो, मग लोक एवढे जिवाच्या आकांतानं ओरडतात कशाला? खरं तर निकाल ठरवणं हे या धंद्यातलं सगळ्यांत सोपं काम. कागदावर एक नाव लिहिलं की झालं. पण समोरच्याचे खांदे जमिनीला टेकवून धरलेल्या त्या माणसासाठी पंच तीन आकडे मोजेल (तीन झाले की तो जिंकला) तेव्हा हजारो लोक खुर्चीतून उठले पाहिजेत, आणि तिथं सगळा कस लागतो. त्यासाठी दोन गोष्टी जमाव्या लागतात: कोण कोणाशी लढतोय, म्हणजे जोडी, आणि ते कशासाठी लढतायत, म्हणजे कथा.

पुढं जाण्याआधी चार शब्द. हे सगळं ठरवणारा तो बुकर. मोठ्या कंपन्यांत लेखकांची टीम असते, पण काम तेच. ज्याच्या पाठीशी प्रेक्षकांनी उभं राहावं तो बेबीफेस, थोडक्यात फेस. ज्याच्यावर त्यांनी चिडावं तो हील. दोघांमधलं आठवडे-महिने चालणारं वैर म्हणजे फ्यूड.

एका रात्रीचे दोन सामने

२९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पॉन्टिअ‍ॅक सिल्व्हरडोममध्ये रेसलमेनिया ३ झाला. रेसलमेनिया म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीचा वर्षातला सगळ्यांत मोठा शो. कंपनीनं गर्दीचा आकडा ९३,१७३ जाहीर केला. त्या आकड्यावर आजही वाद आहे, पण स्टेडियम खच्चून भरलं होतं याबद्दल नाही. मुख्य सामना हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट असा होता. आंद्रेचं जाहीर केलेलं वजन ५२० पौंड होतं. त्याच्या पाठीचं दुखणं तोवर इतकं वाढलं होतं की रिंगमध्ये भराभर हालचाल करणं त्याला शक्यच नव्हतं. म्हणजे वेग नाही, उड्या नाहीत, डावांची देवाणघेवाण नाही. मग स्टेडियम कशावर भरलं?

आधीच्या काही आठवड्यांत दोघांची मैत्री तुटताना दाखवली गेली होती. तीन वर्षं चॅम्पियन राहिल्याबद्दल होगनला मोठी ट्रॉफी मिळाली. पंधरा वर्षं अपराजित राहिल्याबद्दल, म्हणजे कंपनी सांगत होती त्याप्रमाणे, आंद्रेला मिळाली त्याहून लहान. त्याच्या सत्काराच्या वेळी होगनच पुढं पुढं करू लागला आणि आंद्रे निघून गेला. नंतर तो बॉबी हीनन या सगळ्यांच्या नावडत्या मॅनेजरला घेऊन आला, होगनला आव्हान दिलं आणि त्याच्या अंगावरचा शर्ट आणि गळ्यातला क्रॉस ओढून तोडला. दुखावलेला मित्र शत्रू झाला. हे समजायला रेसलिंग कळावं लागत नाही.

प्रत्यक्ष सामना १२ मिनिटांचा, आणि त्यात एकच प्रश्न: होगन याला उचलू शकेल का? पहिल्याच मिनिटात होगननं प्रयत्न केला, तो आंद्रेखाली कोसळला आणि पंचानं दोनपर्यंत मोजलं. पुढचा बराच वेळ आंद्रेनं त्याला नुसतं मिठीत आवळून धरलं होतं. शेवटी होगननं त्याला उचलून आपटलं, वर लेग ड्रॉप (उडी मारून पाय गळ्यावर आपटणं) मारला आणि सामना संपला. प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारला आणि उत्तर शेवटच्या मिनिटाला दिलं. मधे फारसं काही घडलं नाही, तरी प्रेक्षक हलले नाहीत, कारण त्यांना उत्तर हवं होतं.

त्याच रात्री रँडी सॅवेज आणि रिकी स्टीमबोट लढले. हा सामना अगदी उलट: १५ मिनिटांच्या आत, श्वास घ्यायला उसंत नाही, एकामागून एक निअर फॉल (म्हणजे दोनावर सुटणारी पकड). सॅवेजनं तो आधी डावागणिक बांधून घेतला होता. पण नुसत्या वेगानं तो लक्षात राहिला नसता. काही महिने आधी सॅवेजनं रिंगची घंटा वापरून स्टीमबोटचा गळा जायबंदी केला होता. त्यामुळे शेवटाकडे सॅवेजनं पुन्हा घंटा उचलली तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. जॉर्ज स्टीलनं त्याला ढकललं, स्टीमबोटनं त्याला गुंडाळून तीन मोजून घेतले. ज्या वस्तूनं भांडण सुरू झालं, तिनंच ते संपवलं. फ्यूड कसं मिटवावं याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित सापडतो.

जोडी जुळवताना काय पाहतात

दोघांत चांगला कोण, हा इथं पहिला प्रश्न नसतो. संकटात कोण सापडणार आणि ते बघणाऱ्याला सहज पटेल का, हे आधी पाहतात. मोठा विरुद्ध लहान ही जोडी म्हणूनच कायम चालते. मोठा नुसता वाटेत उभा राहिला तरी लहानाची अडचण दिसते. दोन उंच उड्या मारणारे एकत्र आणले तर वेग मिळतो, पण कुणीच अडचणीत दिसत नाही. मग दोघांपैकी एकाला मुद्दाम खेळ संथ करावा लागतो. दोन अवाढव्य माणसं समोरासमोर आणायची असतील तर सामना छोटा ठेवतात. सुरुवातीच्या धडका संपल्या की त्यांच्याकडे दाखवायला थोडंच उरतं आणि दमलेलं शरीर लपवता येत नाही.

कसबी मल्ल बहुतेक वेळा एक अवयव धरतो. समोरचा धावणारा, उडणारा असेल तर गुडघा; त्याचा शेवटचा डाव खांद्यावर उचलण्याचा असेल तर पाठ. यात वारंवार होणारी चूक म्हणजे मार खाल्लेला मल्ल नंतर विसरतो. पाच मिनिटं गुडघा पिळवटून घ्यायचा आणि मग ताज्या पायानं दोरीवर चढून उडी मारायची, हे झालं की ती पाच मिनिटं वाया गेली. मार लागल्याचं दाखवण्याला सेलिंग म्हणतात आणि ते डाव मारण्याइतकंच मोलाचं कौशल्य आहे. चांगला मल्ल उडी मारतोच, पण उतरल्यावर गुडघा धरून दोन सेकंद थांबतो. त्या दोन सेकंदांत समोरचा सावरतो आणि सामना पुढं सरकतो.

एकाच जोडीतून किती काढता येतं हे पाहायचं असेल तर काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांचे न्यू जपान प्रो-रेसलिंगमधले चार सामने लागोपाठ बघावेत. पहिला ४ जानेवारी २०१७ चा, टोकियो डोममध्ये, ४६ मिनिटं ४५ सेकंद. ओमेगाचा हुकमी डाव वन-विंग्ड एंजल. तो त्याला पूर्ण सामन्यात एकदाही लावता आला नाही आणि तो हरला. साहजिकच लोक म्हणू लागले, लागला असता तर? जूनमधल्या दुसऱ्या सामन्यात तो लागला, पण ओकाडाचा पाय दोरीवर गेला आणि ६० मिनिटं संपून बरोबरी झाली. ऑगस्टमध्ये जी-वन स्पर्धेत ३० मिनिटांचीच मर्यादा होती. ओकाडा आधीच दुखापतींनी बेजार दाखवला होता. तिथं डाव लागला आणि ओमेगा जिंकला, पण बेल्ट पणाला नव्हता. शेवटी ९ जून २०१८ रोजी वेळेची मर्यादा काढून, तीनपैकी दोन फॉल जिंकायचे असा सामना ठेवला आणि तासाभराहून जास्त झुंजून ओमेगा चॅम्पियन झाला. ओकाडाकडे बेल्ट ७२० दिवस होता. चारही वेळा माणसं तीच, पण दर वेळी मागच्या सामन्यात अडलेली नेमकी एकच गोष्ट पुढं सरकवली. बुकरनं घाई करून पहिल्याच रात्री डाव लावून टाकला असता तर पुढचे तीन सामने झालेच नसते.

सामन्याच्या आत

टीव्हीवरचा एक साधा सामना, समजा १२ मिनिटांचा. पहिली दोन-तीन मिनिटं फेसची. तो वरचढ आहे, लोक खुश आहेत. मग हील काहीतरी खोडी काढतो: डोळ्यात बोट, पंचाच्या पाठीमागून लाथ, मॅनेजरनं धरलेला पाय. इथून चार-पाच मिनिटं हीलचा ताबा. याला हीट म्हणतात, कारण प्रेक्षकांचा राग इथं साठतो. फेस अधूनमधून उठायचा प्रयत्न करतो आणि दर वेळी खाली पडतो. हे छोटे प्रयत्न फार जपून वापरावे लागतात. एकही नसेल तर लोक आशा सोडतात, फार असतील तर हील कमकुवत दिसतो. मग प्रतिहल्ला, दोन-तीन निअर फॉल आणि शेवट.

दोघं विरुद्ध दोघं अशा सामन्यात (टॅग टीम) हेच सूत्र आणखी उघड दिसतं. एक फेस आपल्या कोपऱ्यापासून दूर अडकतो, त्याचा साथीदार दोरीबाहेर हात लांब करून उभा. हात टेकला की ताजा गडी आत घुसतो. याला हॉट टॅग म्हणतात. तो होण्याआधी किमान एकदा हात टेकता टेकता राहिला पाहिजे, किंवा टेकला पण पंचाचं लक्ष नव्हतं असं झालं पाहिजे.

टीव्हीचं एक गणित वेगळं. जाहिरातीआधीच्या शेवटच्या क्षणी हील फेसला रिंगबाहेर आपटतो आणि पडदा बदलतो. हे ठरवूनच. 'आता याचं काय होणार' ही काळजी सोबत घेऊन माणूस जाहिरात संपेपर्यंत थांबतो, आणि परत आल्यावर हीलचाच ताबा असल्यानं मधलं काही चुकलं असं वाटत नाही.

वेळ कशी पाळतात? पंचाच्या कानात इअरपीस असतो. पडद्यामागून 'पाच मिनिटं उरली', 'आता संपवा' असा निरोप येतो आणि पंच मल्लांची तपासणी केल्यासारखं करत तो त्यांना सांगतो. कुणाला खरंच इजा झाली तर पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो. मग ठरलेलं सगळं बाजूला ठेवून सामना संपवला जातो.

शोचा क्रम

सामन्यांच्या यादीला कार्ड म्हणतात आणि कार्ड लावणं हे संबंध शोमधलं सगळ्यांत कमी कौतुक होणारं काम. कारण असं की प्रेक्षकांचा आवाज ही संपणारी गोष्ट आहे. तीन-चार तास कुणीही एकाच पट्टीत ओरडू शकत नाही.

पहिला सामना चढा लागतो. लोक ताजे असतात आणि त्यांना आवाज सापडायला हवा. लागोपाठच्या दोन सामन्यांचा शेवट सारखा नको. एकात बाहेरच्यानं येऊन ढवळाढवळ केली तर पुढच्याचा निकाल सरळ लागला पाहिजे, नाहीतर दोन्हींचा परिणाम जातो. टेबल, खुर्च्या, शिड्या ज्या सामन्यात वापरायच्या आहेत, त्याआधीच्या सामन्यात त्यांना हात लावायचा नाही. प्रवेशांची वेळही धरावी लागते. मोठ्या नावाचा प्रवेश संगीत, दिवे, रॅम्प धरून दोन-तीन मिनिटं सहज खातो. दोघांचे मिळून पाच. १० मिनिटांच्या जागेत असे दोघं बसवले तर लढायला पाचच मिनिटं उरतात, आणि शेवटी काटछाट होते ती नेहमी खालच्या सामन्यांची.

क्रम चुकला की काय होतं ते १७ मार्च २००२ रोजी टोरंटोत दिसलं. रेसलमेनियात द रॉक विरुद्ध हल्क होगन हा सामना कार्डाच्या शेवटी नव्हता. होगन त्या वेळी हील होता, पण स्टेडियमनं त्यालाच डोक्यावर घेतलं, आणि दोघांनीही ते ओळखून सामन्याचा रोख तिथल्या तिथं बदलला. लोकांनी आपला सगळा आवाज तिथं खर्च केला. मधे महिलांचा सामना ठेवूनही तो परतला नाही, आणि ट्रिपल एच विरुद्ध ख्रिस जेरिको हा मुख्य सामना दमलेल्या गर्दीसमोर झाला. त्या दोघांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना चुकीच्या जागी उभं केलं होतं.

६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये हीच अडचण वेगळ्या रूपात आली. ब्रॉक लेसनरनं अंडरटेकरला हरवलं आणि रेसलमेनियातली त्याची २१ विजयांची मालिका संपली. स्टेडियम अक्षरशः गप्प झालं. त्यानंतर महिलांचा १४ जणींचा सामना झाला. त्यांच्या वाट्याला बधिर झालेले प्रेक्षक आले, आणि हे त्यांच्यावर अन्यायकारकच होतं. पण शेवटी डॅनिअल ब्रायन आला तेव्हा आवाज पुन्हा उसळला. फरक कथेचा होता. ब्रायननं त्याच रात्री पहिल्या सामन्यात ट्रिपल एचला हरवून मुख्य सामन्यात जागा मिळवली होती. संध्याकाळच्या सुरुवातीला मांडलेला प्रश्न अजून उघडा होता, म्हणून लोकांनी थोडा आवाज राखून ठेवला.

दर आठवड्याचा टीव्ही

मोठ्या शोआधी साधारण चार-पाच आठवडे मिळतात. पहिल्या आठवड्यात कारण घडतं, मग ते वाढतं, आणि शेवटच्या आठवड्याच्या भागात, ज्याला गो-होम शो म्हणतात, दोघं समोरासमोर येतात. कसोटी अशी: या काळात त्या दोघांना एकमेकांशी पूर्ण सामना न लढू देता लोकांची भूक वाढवायची. म्हणून मधले सामने साथीदारांशी होतात किंवा अपात्रतेवर संपतात. अपात्र ठरल्यानं बेल्ट जात नाही, हा नियम हील चॅम्पियनच्या फार कामाचा. हरायची वेळ आली की खुर्ची मारायची आणि बेल्ट घेऊन घरी जायचं. पण असा शेवट पैसे मोजून पाहिलेल्या मोठ्या शोमध्ये दिला तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते योग्यच.

सामन्याची अटही कारणातून यावी लागते. साथीदार सतत मध्ये पडत असतील तर पिंजरा. हील पळून जात असेल तर रिंगबाहेरची मोजणी (बाहेर फार वेळ राहिलेल्याला हरवणारी) बंद. २३ मार्च १९९७ चा ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन सामना शरणागतीचा होता: समोरच्यानं हार मानेपर्यंत लढायचं. हार्टची शार्पशूटर पकड प्रसिद्ध, आणि ऑस्टिन कुणापुढं वाकणारा नव्हे. ऑस्टिन रक्तबंबाळ होऊन पकडीत अडकला, पण त्यानं हार मानली नाही. तो बेशुद्ध झाला आणि पंच केन शॅमरॉकनं सामना थांबवला. हार्टनं त्यानंतरही त्याला मारणं सुरू ठेवलं. सामन्याआधी हार्ट फेस होता, ऑस्टिन हील. संपल्यावर उलट. मदत नाकारून लंगडत निघालेल्या ऑस्टिनच्या नावानं गर्दी ओरडत होती. दोघांच्या भूमिका एकाच सामन्यात अदलाबदल होणं याला डबल टर्न म्हणतात, आणि 'हार मान' ही अट नसती तर तो जमलाच नसता.

आठवड्यांच्या कामात सगळ्यांत मोठं नुकसान करते ती बरोबरीची वाटणी. या आठवड्यात एक जिंकला म्हणून पुढच्या आठवड्यात दुसरा. कुणीच दुखावत नाही, पण सहा महिन्यांनी कुणाच्याच विजयाला वजन उरत नाही. कुणाला वर न्यायचं असेल तर कुणाला तरी स्वच्छ हरावं लागतं.

बेत कुठं फसतो

सप्टेंबर १९९६ नंतर स्टिंग डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत सामने लढेनासा झाला. होगन तोवर तिथं येऊन हील झाला होता. वर्षभराहून जास्त काळ तो छताखालच्या तुळयांवर काळ्या कोटात, पांढऱ्या चेहऱ्यानं मूक उभा राहून होगनच्या टोळीकडे बघत असे. २८ डिसेंबर १९९७ रोजी स्टारकेड या तिथल्या सगळ्यांत मोठ्या शोमध्ये अखेर तो आणि होगन समोरासमोर आले. लोकांना स्टिंगनं होगनची धूळधाण उडवलेली बघायची होती. झालं असं की बराच वेळ होगनच मारत राहिला. मग पंचानं घाईनं मोजून स्टिंगवर अन्याय केला असं दाखवायचं होतं, ज्यावरून ब्रेट हार्टनं येऊन सामना पुन्हा सुरू करायचा. पण पंचाची मोजणी नेहमीच्याच गतीनं झाली. अन्याय दिसलाच नाही. म्हणजे बघणाऱ्याच्या लेखी स्टिंग सरळ हरला होता आणि मग त्याला फुकट दुसरी संधी मिळाली. एका वर्षाची उत्तम कथा तीन सेकंदांच्या मोजणीत सांडली. आणि मुळात त्या शेवटाला अशा आडवळणाची गरजच नव्हती.

दुसरा धोका दुखापतीचा, पण तिथून कधी सोनंही निघतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुस्तफा अली जखमी झाला आणि त्याच्या जागी कोफी किंग्स्टनला घेतलं. अकरा वर्षं कंपनीत असूनही त्याला मोठ्या बेल्टच्या वाटेवर कधी गंभीरपणे उभं केलं नव्हतं. तो एका रात्री तासभर लढला, लोकांनी ते उचलून धरलं आणि ७ एप्रिलला तो रेसलमेनियात चॅम्पियन झाला. बुकरनं इथं केलेली शहाणपणाची गोष्ट म्हणजे गर्दीचा आवाज ऐकून बेत बदलला. २०१४ च्या रॉयल रंबलमध्ये (ज्याचा विजेता रेसलमेनियात बेल्टसाठी लढतो) बटिस्टाला जिंकवल्यावर लोकांनी हुर्यो उडवली होती. ब्रायनला मुख्य सामन्यात आणावं लागलं ते त्यानंतरच.

जुनी खुर्ची

प्रेक्षकांची स्मरणशक्ती हे बुकरचं सगळ्यांत स्वस्त साहित्य, आणि ते फार कमी वेळा नीट वापरलं जातं. २ जून २०१४ रोजी सेथ रॉलिन्सनं आपल्याच टोळीतल्या रोमन रेन्सच्या पाठीत खुर्ची घातली होती. ७ एप्रिल २०२४ रोजी फिलाडेल्फियातल्या रेसलमेनियात रेन्स १,३१६ दिवस सांभाळलेला बेल्ट कोडी रोड्सपासून वाचवत होता. वर्षभर आधीच्या रेसलमेनियात त्यानं कोडीला हरवलं होतं. या वेळी रॉलिन्स जुन्या टोळीचा गणवेश घालून मध्ये पडला. रेन्सच्या हातात खुर्ची आली. समोर दोघं होते: पडलेला कोडी आणि पाठ वळलेला रॉलिन्स. कोडीला मारलं असतं तर बेल्ट राहिला असता. त्यानं रॉलिन्सला मारलं. तेवढ्यात कोडी उठला, लागोपाठ तीनदा आपला हुकमी डाव क्रॉस रोड्स लावला आणि पंचानं तीन मोजले.